रू बुआलोवरचा वारा

गुस्ताव्ह आयफेल म्हटलं की मनोरा डोळ्यांसमोर येतो. येणारच. पण मला या माणसाची ओढ लागली ती मनोऱ्यानंतरच्या आयफेलमुळे. वयाची सत्तरी गाठल्यावर, पैसा, कीर्ती आणि बदनामी सगळं पाहून झाल्यावर, हा माणूस वाऱ्याचा अभ्यास करायला बसला. पॅरिसच्या रू बुआलो या रस्त्यावर १९१२ मध्ये त्याने उभारलेला विंड टनेल, म्हणजे वस्तूवर वारा सोडून त्याचा जोर मोजायचा बोगदा, आजही चालू आहे. त्याच्याहून मोठे आणि वेगवान टनेल नंतर जगभर कितीतरी झाले. तरी वायुगतिशास्त्र शिकलेल्या माझ्यासारख्याला हा एक टनेल फार जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण सांगायचं तर आधी मनोऱ्याच्याही मागे जावं लागेल.

उंच पूल बांधणाऱ्या माणसाची वाऱ्यापासून सुटका नसते. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमध्ये टे नदीवरचा रेल्वेपूल वादळात कोसळला. पुलावरून चाललेली गाडी डब्यांसकट नदीत गेली आणि सुमारे ७५ माणसं दगावली. चौकशीत निघालं की आराखड्यात वाऱ्याचा जोर नीट धरलेलाच नव्हता. त्यानंतर लगेचच आयफेलच्या कंपनीने दक्षिण फ्रान्समध्ये गाराबीचा पूल हाती घेतला. १६५ मीटर गाळ्याची लोखंडी कमान, खाली खोल दरी आणि दरीतून घोंगावत येणारा वारा. १८८४ मध्ये तो पूल झाला आणि आजही उभा आहे. वाऱ्याला अडवायचं नाही, जाळीतून जाऊ द्यायचं, ही त्या बांधकामाची रीत. पुढे मनोऱ्यालाही तीच रीत लागू पडली. पॅरिसच्या कलावंतांनी १८८७ मध्ये मनोऱ्याविरुद्ध निषेधाचं पत्रक काढलं, तेव्हा आयफेलने उत्तर दिलं होतं की मनोऱ्याच्या चार पायांना जो बाक आहे तो वाऱ्याच्या हिशेबातून आलेला आहे.

पण हा हिशेब कशाच्या जोरावर केला होता? ३०० मीटर उंचीवर वारा किती दाब देतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आयफेलने दोन गृहीतकं धरली. पहिलं, खालपासून वरपर्यंत दर चौरस मीटरला ३०० किलो. दुसरं, पायथ्याशी २०० आणि शेंड्याला ४०० किलो. दोन्ही हिशेबांत मनोरा टिकतो असं पाहिलं आणि बांधायला घेतला. आकडे मुद्दाम चढे धरलेले होते. जिथे माहिती नव्हती तिथे जास्तीचं लोखंड घातलं होतं. कुठलाही अनुभवी इंजिनिअर आजही असंच करेल, आणि मनोरा उभा राहिल्यावर त्या आकड्यांकडे पुन्हा वळूनही बघणार नाही. आयफेल वळला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे.

मधल्या काळात पनामा कालव्याचं प्रकरण झालं. कालव्याची कंपनी बुडाली, हजारो लोकांचे पैसे गेले आणि कंत्राटदार म्हणून आयफेलवरही खटला झाला. १८९३ मध्ये त्याला दोन वर्षांची कैद आणि २०,००० फ्रँक दंडाची शिक्षा सुनावली गेली. वरच्या न्यायालयात ती रद्द झाली, पण तोवर त्याने आपल्या कंपनीतून अंग काढून घेतलं होतं. शिवाय मनोऱ्याचा परवाना फक्त वीस वर्षांचा. मुदत संपली की पॅरिस शहर तो उतरवूही शकत होतं. मनोऱ्याचा विज्ञानाला उपयोग दाखवून देणं ही त्याची गरज होती. हवामानाच्या नोंदी, बिनतारी संदेश, जे जे जमेल ते त्याने मनोऱ्यावर करू दिलं. वाऱ्याचे प्रयोग त्यातलेच. पण गरजेपोटी माणूस इतकं बारीक काम करत नाही, हे त्याचं पहिलं यंत्र पाहिलं की कळतं.

यंत्र असं. मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यावरून, म्हणजे ११५ मीटरवरून, एक उभी तार जमिनीपर्यंत ताणलेली. त्या तारेवरून एक जड सरकता सांगाडा सोडायचा. त्याच्या पुढच्या तोंडाशी, म्हणजे खालच्या बाजूला, ज्या पत्र्यावरचा हवेचा अडथळा मोजायचा तो पत्रा स्प्रिंगांवर बसवलेला. सांगाडा कोसळू लागला की हवा पत्र्याला मागे रेटते आणि स्प्रिंगा दबतात. आत काजळी धरलेल्या कागदाचा एक दंडगोल, तो तारेवर घासत जाणाऱ्या चाकामुळे फिरतो. त्यावर एक टोकदार सुई कंप पावणाऱ्या नादकाट्याला जोडलेली. काट्याची कंपनं ठरलेल्या गतीची, त्यामुळे काजळीवर उमटलेल्या नागमोडी रेघेवरून प्रत्येक क्षणाचा वेग मोजता येतो, आणि त्याच कागदावर स्प्रिंग किती दबली तेही उमटतं. शेवटच्या टप्प्यात तारेची जाडी वाढत जाते, सांगाड्याचे जबडे तिला घट्ट आवळतात आणि ते सगळं वजन जमिनीला टेकण्याआधी थांबतं. वेग सेकंदाला ४० मीटरपर्यंत जायचा, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. ना वीज, ना इलेक्ट्रॉनिक्स. काजळी, सुई, स्प्रिंग आणि गुरुत्वाकर्षण.

पॅरिसला गेलो तेव्हा त्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी मी बराच वेळ उभा होतो. भोवती सगळे लांबचं पॅरिस बघत होते आणि मी सरळ खाली. तिथून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. १९०३ नंतरची काही वर्षं हा म्हातारा आणि त्याचे सहायक इथून पत्रे सोडत होते. गोल, चौकोनी, लांबट, तिरके, एकामागे एक लावलेले. वाऱ्याचा जोर मोजायला कुणीतरी इतकी माया लावावी याचं मला तिथे उभं राहून भरून आलं.

१९०७ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो हे या वेगांपर्यंत नीट सिद्ध झालं, आणि इंजिनिअर मंडळी अडथळ्यासाठी जो गुणक वापरत होती तो वास्तवापेक्षा बराच मोठा आहे हेही. योगायोग असा की अटलांटिकपलीकडे राइट बंधूंनाही हेच आढळलं होतं. स्मीटनच्या नावाचा अठराव्या शतकातला गुणक सगळे ०.००५ धरत होते; राइट बंधूंच्या मोजणीत तो ०.००३३ च्या आसपास निघाला. त्यांनी १९०१ मध्ये डेटनच्या आपल्या सायकलच्या दुकानात सहा फूट लांबीच्या लाकडी पेटीचा टनेल बनवला आणि दोनेकशे पंख त्यात तपासले. पण ते आकडे त्यांनी स्वतःजवळच ठेवले.

(पहिला विंड टनेल यांपैकी कुणाचाच नाही. तो इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅमने १८७१ मध्ये केला.)

पडणाऱ्या पत्र्याची एक अडचण होती. सगळा खेळ काही सेकंदांत आटपायचा. विमानाच्या पंखाचा अभ्यास करायचा तर पंख निवांत धरून ठेवता आला पाहिजे, त्याचा कोन थोडा थोडा बदलता आला पाहिजे. म्हणून १९०९ मध्ये मनोऱ्याच्याच पायथ्याशी, शाँ द मार्सवर, आयफेलने विंड टनेल उभारला. दीड मीटर व्यासाचा झोत, सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेग, आणि वीज मनोऱ्याच्या जनित्रातून.

इथे एक शंका लगेच उभी राहिली. स्थिर हवेतून वस्तू जाते आणि स्थिर वस्तूवरून हवा जाते, या दोन्हींत बल सारखंच असतं का? तत्त्व म्हणून सारखंच असायला हवं. पण पंख्याने ढकललेल्या हवेत भोवरे असतात, बोगद्याच्या भिंती असतात, तेव्हा प्रत्यक्षात तसं होईलच असं नाही असं म्हणणारे चांगले अभ्यासू लोक होते. त्याचं उत्तर देण्याची जी सोय आयफेलकडे होती ती जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हती. त्याच्याकडे दोन्ही होतं: वरून पडणारे पत्रे आणि खालचा टनेल. त्याने तेच पत्रे टनेलमध्ये लावले. आकडे जुळले. त्या दिवसापासून आजपर्यंत विमानं, पूल, मोटारी, उंच इमारती यांच्या प्रतिकृती आपण निर्धास्तपणे टनेलमध्ये ठेवतो, त्यामागे ही पडताळणी आहे.

दोन-तीन वर्षांत त्या टनेलमध्ये चार हजारांवर चाचण्या झाल्या. मग शाँ द मार्सची बाग नव्याने आखायची ठरली आणि प्रयोगशाळेला जागा सोडावी लागली. आयफेलने ओतई भागात, रू बुआलोवर जागा घेतली, आणि १९ मार्च १९१२ रोजी नवी प्रयोगशाळा सुरू झाली. झोत आता दोन मीटर व्यासाचा होता, वेग सेकंदाला ३० मीटरपर्यंत, आणि तरीही इंजिनाची ताकद आधीच्याहून वाढवावी लागली नव्हती. हे कसं जमलं? चाचणीच्या जागेनंतर त्याने हळूहळू रुंदावत जाणारी लांब नळी जोडली, डिफ्यूजर. वेगात धावणारी हवा त्यात सावकाश मंदावते आणि तिची ऊर्जा भोवऱ्यांत वाया न जाता दाबाच्या रूपात परत मिळते. आजच्या जवळजवळ प्रत्येक टनेलला हा भाग असतो.

चाचणीच्या जागेचीही रचना सुंदर आहे. हवेचा झोत बंद नळीतून न नेता एका हवाबंद खोलीतून मोकळाच नेलेला. एका भिंतीतून झोत येतो, खोली ओलांडतो आणि समोरच्या भिंतीतल्या तोंडात शिरतो. खोलीतला दाब झोताच्या दाबाइतकाच, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी. निरीक्षक आत जाऊन झोताच्या अगदी शेजारी उभा राहतो, त्याच्या केसालाही धक्का लागत नाही, आणि हातभर अंतरावर ताशी शंभर किलोमीटरचा वारा वाहत असतो. वर बल मोजणारा तराजू, खाली झोतात टांगलेली विमानाची प्रतिकृती.

या खोलीतलं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे पंखाच्या पृष्ठभागावरच्या दाबाची मोजणी. पंखाच्या प्रतिकृतीला वरून आणि खालून बारीक भोकं पाडायची, प्रत्येक भोकाला एक सूक्ष्म नळी जोडायची, ती बाहेर नेऊन मॅनोमीटरला, म्हणजे नळीतल्या द्रवाच्या पातळीवरून दाब दाखवणाऱ्या उपकरणाला, लावायची. एका वेळी एक भोक उघडं, बाकीची बंद. मॅनोमीटरमधली पातळी वाचायची, लिहायची, पुढचं भोक. असं करत करत संपूर्ण पंखाचा दाबाचा नकाशा तयार झाला. त्यातून निघालं की पंखाला खालून हवा जितकं ढकलते त्याहून वरचा कमी दाब त्याला जास्त ओढून घेतो. उचलीचा मोठा वाटा वरच्या बाजूचा. विमानाला हवा खालून टेकू देते अशी समजूत तेव्हा सर्रास होती आणि अजूनही पुष्कळांची असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी स्वतः अशा नळ्या लावल्या आहेत. वरच्या बाजूच्या नळ्यांमधलं रंगीत पाणी चढत जातं आणि खालच्या नळ्यांमधलं थोडंसंच सरकतं, तेव्हा हे डोळ्यांना दिसतं आणि एकदा दिसलं की विसरत नाही.

आणि एक गोष्ट. ज्याला आपलं विमान किंवा पंख तपासून घ्यायचा असेल त्याच्यासाठी आयफेल चाचणी फुकट करायचा. अट एकच: निष्कर्ष सगळ्यांसाठी प्रसिद्ध होणार. प्रयोगशाळेचा खर्च त्याच्या खिशातून. विमानाच्या धंद्यात जो तो आपलं गुपित जपत होता त्या काळात हे त्याने केलं. त्याची पुस्तकं इंग्रजीत गेली, अमेरिकेत विमान-अभियंता जेरोम हन्सेकरने ती आणली, आणि १९१३ मध्ये तिथल्या स्मिथसोनियन संस्थेने आयफेलला विमानविद्येसाठीचं लँगली पदक दिलं.

आता गोळ्यांची गोष्ट. माझ्या मते हा टनेल इतिहासात राहिला तो मुख्यतः हिच्यामुळे.

जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल या वायुगतिशास्त्रज्ञाचा टनेल १९०८ पासून चालू होता. तिथे साध्या गुळगुळीत गोळ्यावरचा हवेचा अडथळा मोजला गेला. आयफेलनेही मोजला. आयफेलचा आकडा निम्म्याहूनही कमी आला. गोळा म्हणजे सगळ्यात साधा आकार, आणि त्यावर युरोपातल्या दोन उत्तम प्रयोगशाळांत एवढा फरक! ग्योटिंगेनकडून सूर निघाला की आयफेलच्या हिशेबात सूत्रातला दोनाचा गुणक कुठेतरी राहून गेला असावा. प्रांट्लचा विद्यार्थी थिओडोर फॉन कार्मानने पुढे ही हकीकत सांगितली आहे: ते बोलणं आयफेलच्या कानावर गेलं आणि तो चिडला.

चिडून त्याने काय केलं? पुन्हा मोजलं. वय वर्षं ऐंशी. तीन वेगवेगळे गोळे घेतले, १६.२, २४.४ आणि ३३ सेंटिमीटर व्यासाचे, आणि वेग अगदी कमीपासून वाढवत नेला. कमी वेगाला त्याचा आकडा ग्योटिंगेनशी जुळला. मग एका ठरावीक वेगाच्या आसपास अडथळ्याचा गुणक एकदम घसरला आणि खालीच राहिला. लहान गोळ्याला ही घसरण सेकंदाला सुमारे १२ मीटरला आली, मधल्याला ७ ला, मोठ्याला ४ ला. दोघंही बरोबर होते. ग्योटिंगेनचा वारा सावकाश होता, पॅरिसचा वेगवान, आणि मधे निसर्गाने एक उंबरठा ठेवलेला होता जो तोवर कुणाला ठाऊक नव्हता.

हा उंबरठा का आहे ते प्रांट्लने १९१४ मध्ये उलगडलं. पृष्ठभागाला लगटून वाहणारा हवेचा पातळ थर, बाउंडरी लेयर, कमी वेगात शांतपणे सरकत असतो आणि गोळ्याच्या रुंद भागापाशी येताच दमून सुटतो. मागे भोवऱ्यांची रुंद शेपटी राहते, आणि ती गोळ्याला मागे ओढते. वेग वाढला की तोच थर खळबळतो, बाहेरच्या हवेकडून जोम घेत राहतो आणि गोळ्याच्या पाठीमागपर्यंत चिकटून जातो. शेपटी अरुंद होते, ओढ कमी होते. हे पटवायला प्रांट्लने गोळ्याच्या रुंद भागाच्या जरा पुढे एक बारीक तार गोलाकार गुंडाळली. कुणालाही वाटेल की गुळगुळीत गोळ्यावर तार बसवली म्हणजे अडथळा वाढणार. तो कमी झाला. तारेने थराला मुद्दाम खळबळवलं होतं.

हे वाचताना क्रिकेटचा चेंडू आठवला नाही असा मराठी वाचक विरळा. सहज हिशेब करून बघा. आयफेलच्या गोळ्यांचा व्यास मीटरमध्ये आणि घसरणीचा वेग यांचा गुणाकार १.३ ते १.९ येतो. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास साधारण ७.२ सेंटिमीटर. ताशी १०८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ३० मीटरने टाकलेल्या चेंडूचा गुणाकार २.१६. म्हणजे मध्यमगती गोलंदाज नेमका त्या उंबरठ्याच्या परिसरात गोलंदाजी करतो. पण पुढे आणखी एक गंमत आहे. टनेलमधली हवा मुळातच थोडी अस्वस्थ असते, त्यामुळे तिथे थर लवकर खळबळतो. मोकळ्या, शांत हवेत गुळगुळीत गोळ्यासाठी हाच गुणाकार पावणेसहाच्या जवळ जातो. त्या हिशेबाने शिवण नसलेल्या गुळगुळीत चेंडूला उंबरठा ओलांडायला ताशी २९० किलोमीटर वेग लागेल. तो कुणाच्या हातात नाही. म्हणून शिवण लागते. तिरक्या धरलेल्या शिवणीने एका बाजूचा थर खळबळतो, चकाकी राखलेल्या दुसऱ्या बाजूचा शांत राहून आधी सुटतो, मागची शेपटी एका बाजूला वळते आणि चेंडू दुसऱ्या बाजूला. प्रांट्लची तार आणि चेंडूची शिवण एकच काम करतात. मैदानावर पँटला चेंडू घासणारा पोरगा रू बुआलो आणि ग्योटिंगेनमधल्या भांडणाचा निकाल रोज वापरत असतो.

त्या मतभेदाचा पुढे आणखी उपयोग झाला. कुठल्याही नव्या टनेलमध्ये एक गुळगुळीत गोळा टांगायचा आणि अडथळा कुठल्या वेगाला घसरतो ते बघायचं. मोकळ्या हवेपेक्षा जितका लवकर घसरेल तितकी त्या टनेलची हवा अस्वस्थ. टनेल किती चांगला आहे हे ठरवायची ती जगभरची चाचणी झाली.

प्रांट्लच्या हाताखाली शिकलेल्यांमध्ये एक मराठी माणूस होता, डॉ. विष्णू माधव घाटगे. १९३० च्या दशकात ग्योटिंगेनला डॉक्टरेट करून ते परत आले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा तिथे शिकवलं, आणि हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षणाचं विमान त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. १९५१ मध्ये ते उडालं. आपल्या हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यावर गिरवले. घाटग्यांचं नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आयफेलने आयुष्याच्या शेवटी एक विमानही केलं. पहिल्या महायुद्धात सगळीकडे दुपंखी विमानं असताना त्याच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून एकपंखी, खाली पंख असलेलं लढाऊ विमान आखलं गेलं आणि ब्रेगेच्या कारखान्यात बांधलं गेलं. १९१८ मध्ये चाचणीच्या वेळी ते कोसळलं, वैमानिक गेला आणि काम तिथेच थांबलं. थोड्याच वर्षांत आयफेलने प्रयोगशाळा सरकारच्या हवाली केली. २७ डिसेंबर १९२३ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, तो वारला.

रू बुआलोची ती इमारत आता संरक्षित ऐतिहासिक वास्तू आहे, पण संग्रहालय नाही. फ्रान्सच्या बांधकाम-संशोधन संस्थेकडे तिचा कारभार आहे आणि त्या जुन्या टनेलमध्ये आजही पैसे घेऊन चाचण्या होतात. त्यामुळे दार रोज उघडं नसतं. पॅरिसला जाणार असाल आणि या विषयाची आवड असेल तर सप्टेंबरातल्या वारसा दिवसांच्या आसपासचं काही जमतं का ते आधी चौकशी करून बघा. मनोऱ्यापासून जागा काही किलोमीटरवरच आहे, क्रमांक ६७.